एका वॉर्डाला एकच नगरसेवक हवा

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि चार सदस्यांच्या प्रभागावरचा, म्हणजे एकाच भागातून एकदम चार नगरसेवक निवडण्याच्या पद्धतीवरचा, जुना वाद नव्यानं पेटला. हरलेल्यांना प्रभागपद्धती घातकी वाटते, जिंकलेल्यांना ती लोकशाहीला पोषक वाटते. तिसरी बाजू घेणारे म्हणतात, मतदार गोंधळतो, चार-चार बटणं दाबताना म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. खऱ्या प्रश्नाला यातलं कुणीच हात घालत नाही. मतदार इतका भोळा नाही. अ, ब, क, ड अशा चार जागा, पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी अशी रंगांची मतपत्रिका, शेवटचं बटण दाबल्यावर वाजणारा बझर, हे सगळं त्यानं २०१७ मध्ये पार पाडलं होतं, यंदाही पाडलं. आणि कोणत्या पक्षाचा फायदा झाला, याचं उत्तर पुढच्या निवडणुकीत उलटंही येऊ शकतं. एका निकालावरून पद्धतीचं माप काढता येत नाही. विचारायला हवं ते मतदानानंतरच्या पाच वर्षांबद्दल. माझा नगरसेवक नेमका कोण? आणि काम झालं नाही तर जाब कुणाला विचारायचा?

माझं मत असं आहे, की मुंबईत आहे तसाच राज्यातल्या प्रत्येक महापालिकेत एका वॉर्डाला एकच नगरसेवक असावा आणि वॉर्डात किती सदस्य असावेत हे ठरवण्याची मुभा त्या-त्या वेळच्या सरकारला नसावी. बहुसदस्यीय प्रभागाच्या बाजूचे काही मुद्दे वजनदार आहेत, ते टाळून हा वाद जिंकता येणार नाही. पण ते सगळे मुद्दे तराजूत टाकले तरी एक गोष्ट भरून निघत नाही. मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातला थेट धागा या पद्धतीत तुटतो. स्थानिक स्वराज्यात तो धागाच तुटला, तर उरतं काय?

ही पद्धत आपल्याकडे कशी आली, ते आधी पाहायला हवं. नव्वदच्या दशकात पुण्यात एकसदस्यीय वॉर्डच होते. २००२ मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग आले. २००७ ला पुन्हा एक सदस्य. २०१२ ला दोन. २०१७ ला चार. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाविकास आघाडी सरकारनं एकसदस्यीय वॉर्डाची दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि दोन वर्षं उलटायच्या आत, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याच सरकारच्या मंत्रिमंडळानं मुंबई वगळून तीन सदस्यांचा प्रभाग ठरवला. ऑगस्ट २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या सरकारनं तो मोडून २०१७ ची रचना परत आणली. २००२, २००७ आणि २०१२ चे बदल काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राजवटीतले, २०१७ चा भाजप-शिवसेनेचा. म्हणजे आज जो पक्ष प्रभागपद्धतीला शिव्या घालतो आहे, त्यानं सत्तेत असताना तीच आणली होती, आणि आज जो तिचं गुणगान करतो आहे, तो विरोधात बसला की तिच्यावर तुटून पडणार. एकाच शहरातल्या एकाच घरातल्या मतदाराला पंचवीस वर्षांत तीन, एक, दोन, चार आणि पुन्हा चार असे प्रतिनिधी मिळाले. पुण्यात २०१२ ला ७६ प्रभाग आणि १५२ नगरसेवक होते, २०१७ ला ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक. मग २०२२ साठी ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवकांची रचना झाली, हरकती-सूचना झाल्या, आणि ती रद्द झाली. २०२६ ला ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. या काळात शहराची गरज इतक्या वेळा बदलली का? बदलली ती फक्त मुंबईतल्या मंत्रालयातली खुर्ची.

बरं, हा नियम राज्यभर तरी सारखा आहे का? मुंबई महापालिकेत २२७ वॉर्ड आणि २२७ नगरसेवक. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात आलं, की चार सदस्यांचा प्रभाग. दहिसर सोडून मीरा रोडला आलं, की चार सदस्यांचा प्रभाग. नगरपरिषदेत दोन, नगरपंचायतीत एक. जिल्हा परिषदेच्या गटात एक, पंचायत समितीच्या गणातही एक. एकसदस्यीय वॉर्ड इतकाच वाईट असेल, तर देशातल्या सगळ्यांत श्रीमंत महापालिकेला तो का चालतो? आणि चांगला असेल, तर ठाणेकरांनी, नाशिककरांनी, नागपूरकरांनी काय घोडं मारलं आहे? या प्रश्नाचं तत्त्वाला धरून उत्तर मी आजवर कुठल्याही पक्षाच्या प्रवक्त्याकडून ऐकलेलं नाही. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा, बाकीच्यांचा १९४९ चा, हे उत्तर वकिलाला पुरेल, नागरिकाला पुरत नाही.

प्रभागात प्रत्यक्ष काय चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पुण्यात २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसं येतात, आणि तेव्हापासून शहर किती वाढलं हे कुणाला सांगायला नको. एवढ्या मोठ्या मुलखात पावसाळ्यात एखाद्या गल्लीत ड्रेनेज तुंबतं, चेंबरचं झाकण उचकटतं आणि घाण पाणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरतं. सोसायटीचे सचिव फोन लावतात. पहिला नगरसेवक म्हणतो, तो भाग ताईंकडे येतो. ताईंचा फोन ताईंचे यजमान घेतात आणि सांगतात, लाइन मेन रोडची आहे, ते काम भाऊंच्या निधीतलं. भाऊ म्हणतात, मी पत्र दिलंय, क्षेत्रीय कार्यालयात विचारा. क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता चौघांपैकी कोण आज सत्तेच्या जवळ आहे एवढं पाहतो आणि त्याप्रमाणे माणसं पाठवतो. चौथ्या नगरसेवकाचं नाव सचिवांना आठवतही नाही. यात चौघांपैकी कुणीही धडधडीत खोटं बोललेलं नाही. निवडून आल्यानंतर महिना-दोन महिन्यांत त्यांनी प्रभाग आपसात वाटून घेतलेला असतो. हा चौक तुझा, ती वस्ती माझी, नदीपलीकडचा भाग ताईंचा. पुढे कामं, 'स' यादीतली (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांसाठीची) तरतूद, बाकं, नामफलक, सगळं या वाटणीनुसार चालतं.

मला तर या वादातला सगळ्यांत मोठा पुरावा इथेच दिसतो. कायद्यात अशी वाटणी कुठेही लिहिलेली नाही. तरीही जवळजवळ प्रत्येक प्रभागात ती होते, कारण ८५ हजार लोकांचं दैनंदिन काम चौघांनी मिळून करता येत नाही. म्हणजे कागदावर चार सदस्यांचा प्रभाग असला, तरी व्यवहारात एकसदस्यीय वॉर्डच चालतात. फरक एवढाच, की त्यांच्या सीमा मतदाराला माहीत नसतात, त्या निवडणूक आयोगानं जाहीर केलेल्या नसतात, त्यावर कुणी हरकत घेऊ शकत नाही, आणि नगरसेवक हवं तेव्हा त्या बदलू शकतो. जो प्रतिनिधी माझ्या गल्लीला वाटणीत मिळाला, तो कदाचित मी मत न दिलेला असेल. वाटणी करायचीच आहे, तर ती उजेडात, नकाशावर, मतदानाच्या आधी का करू नये?

आता समोरच्या बाजूकडे येतो. सगळ्यांत भक्कम मुद्दा महिला आरक्षणाचा आहे आणि तो मांडणाऱ्यांमध्ये स्थानिक राजकारणात आयुष्य घालवलेल्या बायका आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं. राज्यात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा आहेत. एकसदस्यीय वॉर्डात आरक्षण सोडतीनं फिरतं. आज जो वॉर्ड महिलांसाठी राखीव, तो पुढच्या वेळी खुला होतो. पाच वर्षं राबून नाव कमावलेली नगरसेविका पुढच्या निवडणुकीत पक्षाच्या दारात उभी राहते आणि पक्ष तिकीट पुरुषाला देतो. तसंच एखाद्या चांगल्या नगरसेवकाचा वॉर्ड सोडतीत अचानक महिलेसाठी जातो, आणि तो एक तर शेजारच्या वॉर्डात घुसतो किंवा बायकोला उभी करतो. चार सदस्यांच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतातच. प्रत्येक वेळी असतात. त्यामुळे बाईला तिचा मतदारसंघ टिकवता येतो, दुसऱ्या-तिसऱ्या मुदतीपर्यंत पोचता येतं, आणि राजकारण शिकायला एवढा काळ लागतोच.

हा मुद्दा खरा आहे. एकसदस्यीय वॉर्डातल्या फिरत्या आरक्षणानं कर्तबगार बायकांची कारकीर्द मध्येच तुटते, हे नाकारणं म्हणजे डोळे मिटून घेणं. पण या दुखण्यावर प्रभाग हे औषध आहे का? पॅनेलमध्ये, म्हणजे प्रभागातल्या एका पक्षाच्या चार उमेदवारांच्या गटात, महिलांच्या दोन जागा कशा भरल्या जातात, ते पाहा. प्रभागात एक वजनदार पुरुष असतो, ज्याच्या नावावर बाकीचे तिघे ओढले जातात. महिलांच्या जागा ठरवताना त्याच्या सोयीचा विचार पहिला होतो. मग त्याची वहिनी, मित्राची सून, किंवा त्याच्याशी स्पर्धा करणार नाही अशी एखादी कार्यकर्ती. निवडून आल्यावर प्रभागाचा चेहरा तोच राहतो. फलकावर चार फोटो, पण मोठा फोटो एकाचाच. शिवाय 'महिलांच्या दोन जागा भरल्या' म्हटल्यावर उरलेल्या दोन जागांवर बाईला उभी करायचा विचारही पक्षांना शिवत नाही. आरक्षण किमान मर्यादा म्हणून आलं होतं, प्रभागात ते कमाल मर्यादा होऊन बसतं. एकसदस्यीय वॉर्डात निवडून आलेली बाई मात्र त्या वॉर्डाची एकमेव प्रतिनिधी असते. पत्र तिच्याच नावानं येतं, शिव्याही तिलाच बसतात आणि कामाचं श्रेयही तिचंच असतं. केरळमध्ये सगळ्या स्थानिक संस्थांचे वॉर्ड एकसदस्यीय आहेत आणि महिलांना निम्म्या जागाही आहेत. तिथे २०२० मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका वॉर्डातून निवडून आलेली आर्या राजेंद्रन वयाच्या एकविसाव्या वर्षी महापौर झाली. मुंबईतही एकसदस्यीय वॉर्डांतूनच महिला महापौर झाल्या आहेत.

आरक्षणाच्या फिरतेपणावर इलाज त्याच जागी शोधायला हवा. घटनेच्या अनुच्छेद २४३-टी मध्ये राखीव जागा आळीपाळीनं फिरवता येतील असं म्हटलं आहे. दर पाच वर्षांनी फिरवल्याच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. आरक्षण दोन मुदतींसाठी स्थिर ठेवलं, तर निवडून आलेल्या बाईला दहा वर्षं मिळतात आणि तिसऱ्या वेळी खुल्या जागेवर लढण्याइतकी ताकद उभी राहते. तमिळनाडूनं पंचायतींसाठी हा मार्ग धरलेला आहे. म्हणजे महिलांचं हित आणि एकसदस्यीय वॉर्ड यांच्यात निवड करायची वेळच येत नाही, फक्त सोडतीचे नियम नीट लिहावे लागतात.

दुसरा मुद्दा सुभेदारीचा. छोटा वॉर्ड असला, की नगरसेवक त्या चार गल्ल्यांचा राजा होतो. गणपतीची वर्गणी, नळजोडणी, अतिक्रमणाची कारवाई, सगळं त्याच्या परवानगीनं. त्याला शहराचा विचार करायची गरज नसते, पाच हजार मतं बांधून ठेवली की झालं. गुंड आणि बिल्डर यांना छोटा वॉर्ड विकत घेणं सोपं जातं, मोठा प्रभाग तितका सोपा नाही. एकसदस्यीय वॉर्डांच्या काळात हे घडत होतं, हे मी मान्य करतो. पण चार सदस्यांच्या प्रभागांनी ते थांबलं का? २०१७ नंतरच्या काळात कुठल्या शहरात गुन्हेगारी पार्श्वभूमीचे उमेदवार दिसेनासे झाले? उलट आता ते पॅनेलच्या आडोशाला उभे राहतात. तीन स्वच्छ चेहऱ्यांच्या रांगेत चौथा असतो, आणि पक्षाच्या चिन्हावर चारही बटणं दाबणारा मतदार त्यालाही निवडून आणतो. एकट्यानं उभा राहिला असता, तर त्याच माणसाला लोकांनी त्याच्या नावानं तोललं असतं. शहराचा व्यापक विचार हवा, तो सर्वसाधारण सभेत, स्थायी समितीत, शहर सुधारणा समितीत व्हावा. त्यासाठी नगरसेवकाचा मतदारसंघ अवाढव्य करायची गरज नाही. खासदार देशाचा विचार करतो म्हणून आपण एका मतदारसंघातून चार खासदार निवडतो का?

एकेकाळी मात्र आपण दोन निवडत होतो, आणि तो अनुभव या वादात कुणीच काढत नाही याचं मला नवल वाटतं. १९५१-५२ आणि १९५७ च्या लोकसभा निवडणुकांत अनेक मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. हेतू चांगला होता. मागास समाजाला जागा मिळावी, पण तो भाग बाकीच्या मतदारांना बंद होऊ नये. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम या दोन सदस्यांच्या मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी उभे होते, जे पुढे राष्ट्रपती झाले. तिथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं निकाल वैध ठरवला, आणि माझ्या मते तो योग्यच होता, कारण आदिवासी उमेदवारानं सर्वसाधारण जागा जिंकण्यात गैर काहीच नाही. पण एवढ्या अवाढव्य मतदारसंघात उमेदवारांना फिरणं अशक्य होतं, खर्च झेपत नाही, आणि मतदाराला आपला प्रतिनिधी नक्की कोण ते कळत नाही, या तक्रारी सगळ्या पक्षांतून येत होत्या. १९६१ मध्ये संसदेनं कायदा करून दोन सदस्यांचे मतदारसंघ रद्द केले. १९६२ पासून लोकसभेत आणि विधानसभांत एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी हाच नियम आहे. पासष्ट वर्षांपूर्वी देशानं तपासून बाजूला ठेवलेली गोष्ट आपण महापालिकांमध्ये पुन्हा आणली, आणि तीही दोनाच्या जागी चार करून.

बहुसदस्यीय मतदारसंघाचा एक मोठा गुण मात्र जगभर मान्य झालेला आहे, आणि प्रामाणिकपणे वाद घालायचा तर तो सांगायला हवा. अल्पसंख्य मताला त्यात वाव मिळू शकतो. एका भागातले ३० टक्के लोक एका विचाराचे असतील, तर चारपैकी एक जागा त्यांना मिळावी, हे न्यायाला धरून आहे. आपल्याच मुंबई प्रांतात याची उत्तम व्यवस्था होती. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत इथले अनेक मतदारसंघ बहुसदस्यीय होते, जितक्या जागा तितकी मतं मतदाराला मिळत, आणि हवी तर ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे संख्येनं थोड्या असलेल्या समाजाला आपली मतं एकवटून आपला माणूस निवडून आणता येई. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष याच निवडणुकीतून प्रांतिक विधानसभेत एक ठळक गट म्हणून पोचला. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मत देण्याची सोय काढून टाकली. बहुसदस्यीय मतदारसंघ दहा वर्षं राहिले, पण त्यांचं जे मर्म होतं, ते निघून गेलं.

आजच्या प्रभागात तर ते अजिबातच नाही. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र निवडणुका आहेत. प्रत्येक जागेसाठी एकच मत, ते दुसऱ्या जागेकडे वळवता येत नाही, आणि चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. कुणी नको असेल तर 'नोटा' दाबा. समजा, प्रभागात एका पक्षाला ३८ टक्के, दुसऱ्याला ३२ आणि बाकीच्यांना मिळून ३० टक्के मतं आहेत. लोक चिन्हावर मत देत असतील, तर चारही जागा ३८ टक्केवाल्यांना जातात. हाच प्रभाग चार वॉर्डांत विभागला असता, तर वस्त्यांचा कल वेगवेगळा असल्यानं एखादी जागा तरी दुसऱ्याला, एखादी तिसऱ्याला गेली असती. म्हणजे अल्पसंख्य मताला वाव देणारी म्हणून जी पद्धत जगात वापरली जाते, तीच आपण अशी वाकवली, की बहुमतवाल्याला सगळंच मिळावं. यावर काही जण म्हणतात, लोक 'क्रॉस' करतात, म्हणजे वेगवेगळ्या जागांवर वेगवेगळ्या पक्षांना मत देतात, एका प्रभागात दोन पक्षांचे नगरसेवक निवडून आलेत. हो, आलेत, आणि मतदाराच्या शहाणपणाबद्दल मला आदर आहे. पण पद्धतीचा झुकाव ज्या दिशेला आहे, त्याच्याविरुद्ध मतदाराला दर वेळी पोहावं का लागावं?

पैशाचा मुद्दा त्यातूनच निघतो. राज्य निवडणूक आयोगानं मुंबई, पुणे आणि नागपूरच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये ठेवली होती. मुंबईचा वॉर्ड साधारण ५५ हजार लोकसंख्येचा, पुण्याचा प्रभाग ८५ हजारांचा, मर्यादा तीच. पण खरी मेख पुढे आहे. पक्षाचे चार उमेदवार मिळून एकाच मुलखात, एकाच प्रचारपत्रकावर, एकाच रिक्षातल्या भोंग्यावर कायद्यानं ६० लाख खर्च करू शकतात. त्याच मुलखात अपक्ष उमेदवाराला १५ लाखांतच भागवावं लागतं, तेही त्याच्याकडे असले तर. वर्षानुवर्षं कचऱ्याच्या, पाण्याच्या, झाडांच्या प्रश्नावर महापालिकेत खेटे घालणारी एखादी बाई किंवा एखादा निवृत्त अभियंता आपल्या भागात निवडून येऊ शकतो, कारण तिथे त्याला दारोदार ओळखतात. पुण्यात वॉर्ड एकसदस्यीय केले, तर १६५ नगरसेवकांच्या हिशेबानं एका वॉर्डात साधारण २१ हजार लोकसंख्या येते. २१ हजारांत माणूस पायी फिरू शकतो. ८५ हजारांत त्याला पक्ष लागतो, आणि पक्ष त्याला तिकीट देत नाही.

पक्ष बळकट झाले तर वाईट काय, असंही विचारलं जातं. अपक्षांची घाऊक खरेदी, महापौर निवडणुकीच्या आदल्या रात्री रिसॉर्टवर नेलेले नगरसेवक, हे एकसदस्यीय वॉर्डांच्या काळात पाहिलेलं आहे. पण त्यासाठी राज्यात स्थानिक संस्थांसाठी १९८६ चा स्वतंत्र पक्षांतरबंदी कायदा आहे. तो धड राबवला जात नसेल, तर तो राबवावा. आणि गेल्या काही वर्षांत पक्षच्या पक्ष फुटल्यावर पक्षनिष्ठेच्या नावानं मतदाराचा अधिकार आवळण्याचं समर्थन कुठल्या तोंडानं करायचं?

ग्रामपंचायतीचा दाखलाही दिला जातो. गावात एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडले जातात, तिथे कुणी ओरडत नाही. दाखला खरा आहे, आणि तो माझ्या बाजूनं जातो. गावातल्या प्रभागात काहीशे मतदार असतात. सदस्य दोन असोत की तीन, सगळे एकाच पारावर भेटतात, ग्रामसभेत समोरासमोर बसतात. तिथे कोण काय करतं, हे लपत नाही. शहरातल्या ८५ हजारांना ग्रामसभा नाही. शहरांसाठी क्षेत्रसभांची, म्हणजे एका छोट्या भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद राज्यानं २००९ मध्ये कायद्यात घातली आणि ती बहुतेक महापालिकांत कागदावरच राहिली. ती जिवंत करायची, तर सभा कोणत्या भागाची आणि तिथे उत्तर द्यायला बसणार कोण, हे आधी ठरलेलं हवं. चौघांच्या प्रभागात तेच तर ठरत नाही.

प्रभागांच्या या खेळाची किंमत काय, ते गेल्या चार वर्षांत दिसलं. मुंबई, पुण्यासह बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथून जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासकांनी कारभार केला. विलंबाचं मोठं कारण ओबीसी आरक्षणाचा सर्वोच्च न्यायालयातला खटला होता, हे खरं आहे. पण त्याच काळात प्रभागांची संख्या आणि सदस्यांची संख्या दोनदा बदलली गेली, मुंबईत २२७ चे २३६ आणि पुन्हा २२७ करण्यात आले, आणि मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे घेण्याचा कायदा विधिमंडळानं केला. त्या वेळी सत्तेत असलेले आणि विरोधात असलेले, दोघांनीही त्याला साथ दिली. ज्याच्या नशिबी निवडणूक लढवणं आहे, त्यानंच मैदान आखायचं, यात दोघांनाही वावगं वाटलं नाही. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा गाडं हललं, आणि तरी मतदान व्हायला जानेवारी उजाडला. चार वर्षं शहरांच्या अंदाजपत्रकांवर एकाही निवडून आलेल्या माणसाची सही नव्हती.

हा विषय आत्ताच मार्गी लावायला हवा, कारण आत्ता कुणाच्याही डोक्यावर महापालिका निवडणूक नाही. नव्या सभागृहांची मुदत पाच वर्षांची आहे, आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची मोजणी झाल्यावर नाहीतरी सगळ्या शहरांचे वॉर्ड नव्यानं आखावे लागतीलच. २०११ च्या आकड्यांवर शहरं चालवण्याचे दिवस संपतील, तेव्हा आखणी एकदाच आणि नीट व्हावी. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. राज्याच्या कायद्यात सर्व महापालिका आणि नगरपरिषदांसाठी एकसदस्यीय वॉर्ड. वॉर्ड आखण्याचा अधिकार परत राज्य निवडणूक आयोगाकडे. आणि राखीव वॉर्ड दोन मुदतींसाठी स्थिर. राज्याचा कायदा पुढचं सरकार साध्या बहुमतानं बदलू शकतं, हे मला ठाऊक आहे; म्हणून पक्कं कुलूप महापालिका-नगरपालिकांची रचना ठरवणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद २४३-आर मध्येच लावावं लागेल, आणि ते काम संसदेचं आहे. महाराष्ट्रातले लोकसभेचे ४८ खासदार ही मागणी दिल्लीत मांडू शकतात. तोवर विधिमंडळानं आपल्या हातातलं करावं. एकसदस्यीय वॉर्डाची दुरुस्ती डिसेंबर २०१९ मध्ये याच विधिमंडळात मंजूर झालेली आहे, तिच्या बाजूनं भाषणं केलेले कितीतरी आमदार आजही सभागृहात बसतात, काही सत्तेच्या बाकांवर, काही समोर. येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी मंत्री नसलेला कुणीही ती अशासकीय विधेयक म्हणून पुन्हा मांडू शकतो.